हिरीला आई आहे

बँकॉक
११ नोव्हेंबर २०१७

मुक्ताताई,

नमस्कार. निघताना तुम्ही म्हणालात, "रोज नको, पण लिहीत जा. फोनवर तू नुसती हो-हो करतेस." म्हणून हे लिहिते आहे. फोनवर समर्थ शेजारीच असतो, आणि तुमच्या शाळेपाशी, उधव्याला, रेंज धड मिळत नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर सवडीने वाचा.

आम्ही सुखरूप आहोत. पाठीवर दोन बोचकी घेऊन हिंडतो. समर्थ त्याला बॅकपॅकिंग म्हणतो. रात्री एका खोलीत आठ जण, वर-खाली बर्थवर झोपतो. लग्नाला तीन वर्षं झाली, आता कुठे नवऱ्याबरोबर बाहेर पडले आहे, तर माझ्या डोक्यावरच्या बर्थवर कुणी पोलंडचा मुलगा घोरतो. पण त्याचं काही नाही. समर्थने नोकरी सोडली ती या धंद्यासाठी. उधव्याला पाड्यात पाहुणे आणायचे, झोपड्यांत ठेवायचे, नाव पाडा-सफर. इकडचे लोक पाहुण्यांना कसं सांभाळतात ते बघायला आलोय, असं तो सगळ्यांना सांगतो.

इथे रस्त्यावर विंचू, नाकतोडे, अळ्या तळून विकतात. तुमच्या भावाने विंचू तोंडात घातला, मला व्हिडिओ काढायला लावला, आणि तो काढून होताच गटारापाशी जाऊन ओकला. मी कागदभर नाकतोडे खाल्ले. माझ्या माहेरी, झाईला, जवळा कुरकुरीत परततात तसे लागतात. लॅबमध्ये रोज लोकांची थुंकी आणि शौच काचेवर पसरून बघणारी मी, मला कशाची किळस यायची? तुमच्या आई म्हणतातच, "हिला कशाचीच घाण वाटत नाही." त्या काही कौतुकाने म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

काल अयुथ्थयाला गेलो. जुनी राजधानी. शत्रूने जाळली तेव्हा मूर्तींची डोकीही उडवली. विटांच्या भिंतीलगत रांगेने बुद्ध बसलेत आणि एकालाही डोकं नाही. मांडीवरचे हात मात्र तसेच शांत. समर्थ एका मूर्तीच्या मागे चढला, तिच्या मानेवर स्वतःची हनुवटी टेकवली आणि जीभ बाहेर काढली. "काढ, लवकर काढ." मी काढला फोटो. तेवढ्यात राखण करणारी एक म्हातारी आली. ओरडली नाही. आधी मूर्तीला हात जोडले आणि मग आम्हाला हाताने खुणावलं, निघा.

रिक्षात समर्थ फोटो बघून हसत होता. मीही बघितला आणि पोटात ढवळलं. नाकतोड्यांनी नाही, ताई.

तुमची,
नयना


तलासरी
२० नोव्हेंबर २०१७

प्रिय नयना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. नाकतोड्यांचं आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

समर्थचं मनावर घेऊ नकोस. तो लहानपणापासून असाच. बाबा वाणगाव स्टेशनवर होते तेव्हा तिथे हाल्या नावाचा एक हमाल होता, एका पायाने अधू. समर्थ त्याच्या मागे मागे त्याच्यासारखाच लंगडत चालायचा. सगळा प्लॅटफॉर्म हसायचा. हाल्याही हसायचा. त्याच्या मनात काही नसतं गं. लोकांना हसवायची हौस आहे एवढंच. तू सारखी कामात असतेस, हिंडायची सवय नाही, म्हणून थकवा आला असेल. पोटात ढवळतंय तर दुसरं काही कारण नाही ना? असेल तर आधी मला कळव.

इथली बातमी म्हणजे समर्थच्या भागीदाराने, उमेशने, त्याच्या शेतावर तीन झोपड्या उभ्या केल्यात. पहिले पाहुणे गुरुवारी आले. मुंबईची मंडळी, चांगल्या घरची. उमेश त्यांना आमच्या शाळेत घेऊन आला. मुलींनी नाच केला. मंडळींनी घोंगड्या आणि वह्या वाटल्या. समर्थ तिकडून फोनवर उमेशला एकेक सांगत होता, कुणाला कसं उभं करायचं, व्हिडिओ कुठून काढायचा. आपला माणूस परदेशात बसून आपल्या शाळेचा विचार करतो याचं मला बरं वाटलं. सातवीतल्या हिरीचा वेगळा व्हिडिओ काढलाय. फार हुशार मुलगी. गणितात मोठ्या मुलांना मागे टाकते.

मुख्याध्यापक खूश आहेत. म्हणाले, मुक्ताबाई, तुमच्या भावाने शाळेचं भलं केलं.

सांभाळून राहा. त्याचे कपडे तू धुवू नकोस, स्वतः धुवू दे.

तुझी,
मुक्ताताई


सिएम रीप
२ डिसेंबर २०१७

मुक्ताताई,

दुसरं काही कारण नाही. तसं असतं तर तुम्हालाच आधी सांगितलं असतं.

इथली देवळं बघतो आहोत. बायोन नावाच्या देवळाच्या भिंतीवर बाजार कोरलाय. मासे विकणाऱ्या बायका, तराजू, मागे कुत्रं, एक बाई दुसरीशी भांडतेय. हुबेहूब आमच्या झाईचा बंदरावरचा सकाळचा बाजार. मी तिथेच बसले. समर्थला पुढे जायची घाई होती. पहाटे सगळ्यांनी तळ्याकाठी उभं राहून फोन वर करायचे असतात. सूर्य उगवला तो मला लोकांच्या फोनमध्येच दिसला.

आता जे लिहायचं ते. परवा रिक्षावाल्याने आम्हाला एका अनाथाश्रमात नेलं. पत्र्याची शेड, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही दहाएक जण बसलो. मुलांनी भरजरी कपड्यांत नाच केला. मग प्रत्येक मूल एकेका पाहुण्याच्या मांडीवर येऊन बसलं. माझ्या वाट्याला पाचेक वर्षांची मुलगी आली. माझ्या गळ्यात हात टाकून इंग्रजीत म्हणाली, "ममा." मागे उभ्या माणसाने मान हलवली तशी दुसऱ्या मुलांनीही तेच म्हटलं. मुलीच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती. भरजरी बाह्यांखाली खाजवून रक्त आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी खरजेचं मलम घेऊन गेले. अवेळी. शेडच्या मागे तीच मुलगी एका बाईच्या मांडीवर आडवी झाली होती. बाई तिच्या उवा काढत होती. दोघींची नाकं सारखी, कपाळ सारखं. मला बघताच तो माणूस धावत आला, बाईला काहीतरी ओरडला. बाई घाईने उठली. मुलगी तिच्या कपड्याला धरून रडायला लागली. त्या माणसाने तिला ओढून बाजूला केलं, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे ढकललं. हुंदके देत ती मला म्हणाली, "ममा."

तिची आई तिथेच उभी होती, ताई. दोन हातांवर.

मी मलम ठेवलं आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला ओकले.

रात्री जेवताना समर्थला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं, याला लागलं. मग म्हणाला, "हे लोक फसवतात, म्हणून एक दिवस पकडले जातील. आपल्याकडे ते करायलाच नको. ताईच्या शाळेत पोरी खऱ्याच गरीब आहेत." आणि भात कालवू लागला. मला त्याच्या बोटांकडे बघवेना. मी ताट ठेवून उठले.

तो म्हणतो, तुम्ही तयार आहात. दर शनिवारी पाहुणे, दर शनिवारी नाच. हे खरं आहे का, तेवढं लिहा.

नयना


तलासरी
१६ डिसेंबर २०१७

नयना,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा चालू होत्या.

आमची सरकारी शाळा आहे. इथे कुणाला पकडून आणलेलं नाही. पाहुणे आले, मुली नाचल्या, चार वस्तू मिळाल्या, यात तुला काय दिसतं ते मला कळत नाही. मुलींना बाहेरचं कोण विचारतं? तू खरजेचं मलम नेलंस. मग इथे कुणी घोंगडी आणली तर ती का टोचावी? सगळ्याच गोष्टी काचेखाली घालून बघायच्या नसतात.

समर्थचा फोन आला होता. म्हणाला, नयना माझ्याशी बोलत नाही. परक्या देशात नवऱ्याशी अबोला धरणं शहाणपणाचं नाही. तो माझा भाऊ आहे म्हणून म्हणत नाही.

हिरी गेले काही दिवस शाळेत नाही. घरचे वीटभट्टीवर गेले असतील. या मुलांचं असंच असतं.

मुक्ता


योग्यकर्ता, जावा
३० डिसेंबर २०१७

मुक्ताताई,

हिरीचे घरचे वीटभट्टीवर गेलेले नसणार. तुम्हाला ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

काल संध्याकाळी होस्टेलच्या ओट्यावर समर्थने लॅपटॉप उघडला. भोवती चारपाच गोरे प्रवासी. त्याने हिरीचा व्हिडिओ लावला. मी तो पहिल्यांदा पाहिला. हिरी शाळेच्या पायरीवर बसली आहे. पायांत चपला नाहीत. चपला पायरीच्या बाजूला काढून ठेवलेल्या कोपऱ्यात दिसतात, उमेशला फ्रेम नीट धरता आली नाही. ती हिंदीत म्हणते, "मेरी माँ नहीं है." एकदा हळू आवाजात. मग मागून कुणीतरी म्हणतं, "मोठ्याने बोल, हिरी." मग ती मोठ्याने म्हणते.

तो आवाज तुमचा आहे, ताई.

हिरीला मी ओळखते. गेल्या वर्षी सिकलसेलच्या तपासणीला ती डहाणूला आमच्या लॅबमध्ये आली होती. रक्त मी काढलं. तिची आई नवशी बरोबर होती. सुई टोचताना नवशीने तिचं तोंड आपल्या पोटाशी धरलं होतं आणि स्वतः दुसरीकडे बघत होती. झाल्यावर हिरीपेक्षा तिलाच घाम फुटलेला. मी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

व्हिडिओ बघून एक जर्मन बाई रडायला लागली. तिने समर्थचा हात धरला. समर्थने मान खाली घातली, डोळे पुसले. त्याला रडू आणता येतं, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "तिला आई आहे. मी तिला भेटले आहे." सगळे माझ्याकडे बघू लागले. समर्थ हसून म्हणाला, "माझी बायको थकली आहे."

आज सकाळी प्रंबननच्या देवळात गेलो. भूकंपाने पडलेल्या दगडांचे ढीग सगळीकडे, कुठला दगड कुठे बसायचा ते लोक अजून शोधताहेत. त्या ढिगाशी उभं राहून मी विचारलं, "तू तिला आई नाही असं का म्हणायला लावलंस?"

तो म्हणाला, "अगं, आई आहे म्हटलं तर कोण बघणार? आणि असून तरी काय उपयोग त्या आईचा?"

त्याने हे चिडून म्हटलं नाही. साधेपणाने म्हटलं, भाजीवाल्याने भाव सांगावा तसं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या अंगावर शहारा आला, पाल पडल्यासारखा. ती पालही मी हाताने उचलून टाकली असती, ताई. हा हात मला सहन झाला नाही.

मी परवा जकार्ताहून निघते. एकटी. डहाणूला घरी उतरणार नाही, झाईला आईकडे जाईन.

नयना


तलासरी
१५ जानेवारी २०१८

प्रिय नयना,

तुझं पत्र वाचून मी कॉम्प्युटर बंद केला. नंतर पुष्कळ दिवस चालू केला नाही.

आवाज माझाच. उमेश म्हणाला, बाई, नाटकासारखंच आहे, मुली नाटकं करतातच की. हिरीने माझ्याकडे बघितलं होतं. मी सांगते तर बरोबरच असणार, असं बघितलं. आणि मी काय म्हटलं ते तू ऐकलंसच. पाहुणे खोळंबले होते एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. तुला ते काचेखाली घालण्याचं लिहिलं, तेव्हा हिरी का येत नाही हे मला कळलेलं होतं. व्हिडिओ फिरत फिरत पाड्यातल्या एका पोराच्या फोनवर आला. सगळ्या पाड्याने बघितला. नवशीनेही.

काल संक्रांत, त्यात रविवार. तिळगूळ घेऊन पाड्यावर गेले. शाळेच्या मागच्या ओढ्यापलीकडे घर आहे. इतकी वर्षं मी त्या शाळेत आहे आणि ओढा ओलांडला तो काल. नवशी अंगणात तूर बडवत होती. मला बघून थांबली नाही. मी म्हटलं, "नवशी, हिरीला शाळेत पाठव."

ती तिच्या बोलीत म्हणाली, मी आपल्या भाषेत लिहिते, "मी तर मेले. मेलेल्या बाईच्या घरी कशाला आलीस?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"पोर झोपेत घाबरते," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून आई मरंल का, विचारते. उठून माझ्या नाकापाशी हात धरते. श्वास चालतो का बघते. तू शिकवलंस तिला मोठ्याने बोलायला."

मी तिळगूळ पुढे केला. तिने घेतला नाही. मी वळून निघाले. ओढ्यापाशी आल्यावर मागे बघितलं. अंगणात मी उभी होते ती जागा ती शेणाने सारवत होती.

आपल्याला आयुष्यभर दुसऱ्यांची घाण वाटते. आपली कुणाला वाटते, हे बघायची वेळ कधी आली नव्हती. मी ओढ्यात पाय धुतले, तरी घरी येऊन पुन्हा आंघोळ केली.

समर्थला फोन केला, तो व्हिडिओ काढून टाक म्हटलं. म्हणाला, "ताई, तूही नयनाच्या नादी लागलीस."

तुझी,
मुक्ता


झाई
१९ फेब्रुवारी २०१८

मुक्ताताई,

मी पुन्हा लॅबमध्ये जायला लागले. इथून बसने. दिवसभर काचा बघते, बरं वाटतं.

काल समर्थ आला होता. बोर्डीवरून रिक्षा करून. काळा झालाय, दाढी वाढवलीय. माझ्यासाठी रेशमी ओढणी आणली होती. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तो त्या वासात नाक न मुरडता बसला. मला क्षणभर वाटलं, बदलला. माझी माणसं माझ्या नजरेने बघतोय.

मग तो म्हणाला, "आई, तशाच थांबा. ती टोपली डोक्यावर घ्या." आणि फोन वर केला. "इथेही पाहुणे आणता येतील," मला म्हणाला. "फक्त मागची टीव्हीची डिश दिसायला नको."

आईला काही कळलं नाही. जावई म्हणतो म्हणून तिने टोपली उचलली. मी मधे जाऊन त्याच्या फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "जा."

"म्हणजे?"

"म्हणजे जा. पुन्हा येऊ नकोस. मी डहाणूला येणार नाही."

त्याने आईकडे बघितलं, तिने काही बोलावं म्हणून. आई टोपली खाली ठेवून आत गेली. थोड्या वेळाने तो उठला. ओढणी खाटेवर विसरला की ठेवली, कोण जाणे. मी ती त्याच्या मागे धावत जाऊन परत दिली.

लग्न मोडलं. हे लिहिताना रडू आलं, कारण ताई, मी त्याला जीव लावला होता. लोकांना हसवणारा म्हणूनच तो मला आवडला होता.

जाताना तो म्हणाला, शनिवारी वीस पाहुणे येताहेत, गोरेही आहेत. शाळेतच आणणार आहे. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. भाऊ तुमचा आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

नयना


तलासरी
१६ जून २०१८

प्रिय नयना,

इतके महिने तुला नुसतं "ठीक आहे" एवढंच कळवत राहिले. आज सगळं लिहिते.

त्या शनिवारी मी फाटकात खुर्ची टाकून बसले. दोन गाड्या आल्या. समर्थ उतरला. "ताई, बाजूला हो," म्हणाला. मी म्हटलं, "मुलींचा अभ्यास चालू आहे." तो हसला, मागे बघून पाहुण्यांना काहीतरी इंग्रजीत बोलला, तेही हसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लोकांसमोर माझी इज्जत काढू नकोस." त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. याला मी कडेवर घेऊन वाणगावच्या प्लॅटफॉर्मवर हिंडले आहे, नयना. त्याने हाल्याची नक्कल केली की सगळ्यात आधी मी टाळ्या वाजवायचे. तो कानाशी बोलत होता आणि मला शिसारी आली. किती त्याची आणि किती माझी, ते वेगळं काढता आलं नाही.

मी उठले नाही. मुली खिडक्यांना लागून बघत होत्या. गाड्या वळून गेल्या.

मुख्याध्यापकांनी माझ्याविरुद्ध वर लिहिलं. बदली होईल असं म्हणतात. आई माझ्याशी बोलत नाही. समर्थने व्हिडिओ काढून टाकला, पण मी सांगितलं म्हणून नव्हे. शाळा दाखवता येईना तेव्हा त्याला त्याचा उपयोग उरला नाही. उमेशच्या झोपड्यांत आता गुजरातची मंडळी प्यायला येतात.

पाड्यावर मी जात राहिले. नवशी बोलायची नाही. पुढे पुढे एवढं झालं की मी गेल्यावर ती जागा सारवेनाशी झाली. हिरी आतून बघायची, बाहेर यायची नाही. एप्रिलमध्ये मी गणिताचं पुस्तक ओट्यावर ठेवून आले. परत आणायला गेले नाही, त्यांनीही पाठवलं नाही.

काल शाळा उघडली. आठवीच्या वर्गावर हजेरी घेत होते. दारात नवशी उभी. लाल लुगडं नेसलेली, केसांना तेल, आणि मुठीत हिरीचं मनगट घट्ट धरलेलं. मी म्हटलं, "ये, नवशी." ती माझ्या बोलावण्याची वाट बघत नव्हतीच. सरळ आत आली, फळ्यासमोर उभी राहिली.

"मी नवशी," ती म्हणाली. "ही हिरी. मी हिची आई. नीट बघून घ्या सगळ्यांनी."

आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिने पोरींवरून एकेक करून नजर फिरवली. हिरीचं मनगट सोडलं, तिला पहिल्या बाकाकडे ढकललं. मग माझ्याकडे वळली.

"बाई, तू पण बघ."

मी हजेरीपट खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत उभी राहिले, ती स्वतःहून निघेपर्यंत.

तुझी,
मुक्ता